न चावता खाता येईल असं

४ मार्च

दादा,

राग आला असेल तर आधी येऊन जाऊ दे, मग पुढचं वाच. तू आत गेल्यापासून सोळा महिन्यांत मी तुला तीन पत्रं लिहिली, आणि हे चौथंही काम निघालं म्हणून लिहितेय. तुझी ठमी मतलबी आहे हे तुला नव्यानं सांगायला नको.

यांच्या जबड्याच्या तारा शुक्रवारी काढल्या. आधी वाकडा जुळला होता, म्हणून डॉक्टरनं जानेवारीत पुन्हा मोडून बसवला, हे तुला कळवलं नव्हतं. सात आठवडे हे नळीनं सूप ओढत होते. उजवीकडच्या चार दाढा तर तेव्हाच गेल्या. सुतार माणूस, खिळे ओठांत धरून काम करायची जन्माची सवय. आता खिळा ओठांत धरला की लाळेबरोबर खाली पडतो. कमरेचा पट्टा दोनदा नवीन भोक पाडून आवळलाय. डॉक्टर म्हणाले, आता मांस द्या, पण न चावता खाता येईल असं.

मी यांना विचारलं काय करू. तोंड बांधलेलं होतं तेव्हापासून हे फळकुटावर पेन्सिलीनं लिहून बोलतात, अजून तीच खोड. लिहिलं, ‘खांदा. तुझा दादा करायचा तसा.’ मी दोनदा वाचलं. थट्टा करत नव्हते.

तुझी धुराची भट्टी त्या दिवशी आडवी झाली ती झालीच. पिंप चेपलं, झाकणाची बिजागरी तुटली, भंगारवाला घेऊन गेला. माझ्याकडे घरातला ओव्हन आणि जाड बुडाचं झाकणाचं भांडं आहे. तेवढ्यात डुकराचा खांदा तसा मऊ होतो का, बोटांनी ओढला की रेशा सुटतील असा? सविस्तर लिही. ‘अंदाजानं’ असं लिहू नकोस, तुझा अंदाज मला कधी जमला नाही.

आणखी एक. तुला लवकर सोडायचं की नाही यावर मेच्या सुरुवातीला कमिटी बसणार आहे. यांचं लेखी म्हणणं मागितलंय. कागद टेबलावर पडून आहे. हे काय लिहिणार, मला सांगत नाहीत.

ठमी

—

१३ मार्च

ठमे,

त्याला माझ्या हातचं खायचंय? एकदा पोटभर खाल्लंय की त्यानं. अजून हौस फिटली नाही वाटतं.

मला पश्चात्ताप आहे असं तुला वाटत असेल तर तो विचार काढून टाक. इथले समुपदेशक दर बुधवारी विचारतात, मी दर बुधवारी सांगतो, नाही. मी बाजारातून मांसाची पाटी खांद्यावर घेऊन आलो, परसात तू भट्टीपाशी उभी. डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला, हनुवटीवरून रक्त. तो चार हात लांब उभा. मी विचारलं, कोणी? तू त्याच्याकडे बघितलंस. मला तेवढं बस होतं. पहिल्या ठोशाला तो भट्टीवर गेला, दुसऱ्याला भट्टीसकट खाली. तिसऱ्याला जबड्याचा आवाज आला, हाडाचा सांधा निखळताना येतो तसा. तो आवाज मी आपल्या मांसाच्या दुकानात वीस वर्षं रोज ऐकलाय, मला फरक कळतो. लोकांनी ओढलं नसतं तर चौथा होता.

बाबांच्या पट्ट्याखाली मी लहानपण काढलं. तुला माळ्यावर चढवून शिडी काढून घ्यायचो आणि तुझ्या वाटणीचा मारही खाली मीच खायचो. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या बहिणीवर कोणी हात टाकला तर तो हात शाबूत राहणार नाही. जबडा मोडला, एवढीच चूक झाली.

आता खांदा. त्याच्यासाठी सांगत नाही. चांगलं मांस कोणी वाया घालवलेलं मला बघवत नाही म्हणून सांगतो.

पुढच्या पायाचा वरचा भाग घे, हाडासकट, अडीच किलो. खाटीक हाड काढून देतो म्हणेल, त्याला नाही म्हण. वरची चरबी खरवडू नको. हा जनावराचा सगळ्यात राबलेला भाग, म्हणून चिवट. पण त्याच चिवटपणाचा शेवटी डिंकासारखा रस होतो आणि मांस सुटतं. आदल्या दिवशी मीठ, साखर, मिरपूड, मोहरीची पूड, लसूण चोळून ठेव. सकाळी ओव्हन एकशेतीसवर. भांड्यात तळाला एक कांदा, वाटीभर पाणी, दोन चमचे व्हिनेगर. झाकण घट्ट. सात तास धर. सात म्हणजे सात, ठमे, तुझे सात नाहीत.

कागदाचं मला काही सांगू नकोस. माझ्या सुटकेसाठी त्याला घास भरवत असशील तर तो खांदा कुत्र्याला घाल.

दादा

(पत्रं उघडून वाचणाऱ्या साहेबांना: कृती उतरवून घ्यायला हरकत नाही.)

—

२४ मार्च

दादा,

झाला पचका. तू सांगितलंस तसं सगळं केलं, देवाशपथ. तीन तासांनी काटा टोचून बघितला, जात होता थोडा. चार तासांनी टोचला, तेवढाच. पाच तासांनीही तेवढाच! मांस ढिम्म. मला वाटलं ओव्हनच बिघडला. दोनशेवर केला. तासाभरानं जे बाहेर आलं त्याचे जोड्याला तळवे लावता आले असते.

घरात थोडी आपटाआपट झाली. भांडं भिंतीवर गेलं, भिंतीचा गिलावा पडला, रस सगळा फरशीवर. कोणाला फार लागलं नाही. हे कधीचे उठून खाली कारखान्यात जाऊन बसले आणि आतून कडी लावली. दोन तास रंधा मारल्याचा आवाज येत होता. काय रंधत होते कोण जाणे, हातात काम नाही सध्या.

जेवायला मग बटाटा कुस्करून दिला. मुकाट्यानं खाल्ला.

आणि धुराचं काय? चव तर धुराचीच हवी ना? तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. अर्धी कृती सांगायची आणि दुसऱ्याचा फजितवाडा बघायचा, ही तुझी जुनी खोड.

कागद अजून कोराच आहे. मी रोज बघते.

ठमी

—

२ एप्रिल

ठमे,

‘कोणाला फार लागलं नाही.’ म्हणजे कोणाला तरी थोडं लागलं. तू मला काय दूधखुळा समजतेस? आईसुद्धा शेजारणीला असंच सांगायची, फार काही नाही हो, दाराची कड लागली. तुमच्या बायकांच्या जातीला ही भाषा कोण शिकवतं?

जबडा मोडला तरी त्याची मस्ती उतरली नाही तर. नळीनं सूप पिणारा माणूस माझ्या बहिणीच्या अंगावर भांडं फेकतो! ऐक. मला मेमध्ये सोडोत नाहीतर वर्षभरानं, बाहेर पडल्यावर मी आधी तुझ्याच घरी येणार. या खेपेला मध्ये पडायला लोक नसतील, याची काळजी घेईन. एक ओळ लिही मला. तो अजून मारतो का, हो की नाही. साहेब वाचतील तर वाचू देत.

परवा जेवणाच्या रांगेत एकानं मागून ढकललं. मी त्याचं तोंड त्याच्याच ताटात दाबून धरलं, नाकातून बुडबुडे येईपर्यंत. पहारेकरी पाठमोरा होता म्हणून वाचलो. त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. मला तेव्हा मान सुताराची दिसत होती.

खांद्याचं सांगतो. ओव्हन बिघडलेला नव्हता. तीनेक तासांनी मांस रुसतं. आतून पाणी सुटत असतं, त्या घामानं ते स्वतःला गार ठेवतं, आणि उष्णता पुढे सरकतच नाही. दोन तास, कधी तीन तास काही म्हणजे काही होत नाही. तिथंच आपल्यासारखे लोक माती करतात. बाबांनी दुकानातले कितीतरी खांदे तिथं जाळले आणि मग शिव्या जनावराला. तेवढा वेळ काहीही करायचं नाही. टोचायचं नाही, झाकण उघडायचं नाही, भांडी घास, कपडे धू, बाहेर चक्कर मार. रुसवा आपोआप जातो. मग हाड हातानं फिरवून बघ. नुसत्या हिसक्यानं कोरडं बाहेर आलं की झालं. झाकून तासभर ठेव आणि मग दोन काट्यांनी ओढ. कापायचं नाही.

धूर: फळझाडाच्या लाकडाचे ढलपे हवेत. सुताराकडे असतील, पण डिंक, रंग, पॉलिश काही लागलेलं नको. विचार त्यालाच, तेवढा तरी उपयोग होऊ दे. मांस ओढून झालं की मधोमध छोटी लोखंडी वाटी ठेव, त्यात ढलप्यांचे दोन निखारे, वर चरबीचा थेंब, आणि लगेच झाकण. दहा मिनिटं. जास्त ठेवलंस तर कडू होईल. खिडक्या उघड्या ठेव.

उत्तर दे. हो की नाही.

दादा

—

११ एप्रिल

दादा,

नाही.

एवढं लिहून पाकीट बंद केलं होतं. मग पुन्हा फोडलं. तू ‘नाही’वर विश्वास ठेवणार नाहीस, आणि बाहेर येऊन यांना मारून टाकशील. तू बोलतोस ते करतोस, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? म्हणून आता सगळं लिहिते. वाचताना उभा असशील तर बस.

हे मला मारत नाहीत. कधी मारलं नाही. मारते ती मी.

त्या दिवशी तू बाजारात होतास, भट्टी माझ्यावर सोडली होतीस. यांनी कौतुकानं झाकण उचलून बघितलं. सगळा धूर, सगळी ऊब बाहेर. मी हातातला चिमटा यांच्या बोटांवर मारला. हे हसले, म्हणाले, अगं बघितलं तर काय झालं. ते हसले म्हणून पुन्हा मारला, कानशिलावर. मग किती मारले, मोजले नाहीत. शेवटी यांनी माझं मनगट धरलं, नुसतं धरलं, आणि मी हिसडा देऊन सोडवायला गेले ती तोंडावर भट्टीच्या कडेवर आपटले. डोळा आणि ओठ त्यानं फुटला. तेवढ्यात तू आलास. कोणी, विचारलंस. मी यांच्याकडे बघितलं. दादा, मला माहीत होतं तू काय करशील. मला ते हवं होतं. तेवढी दोन मिनिटं मला हवं होतं.

कोर्टात यांचं तोंड बांधलेलं. यांनी लिहून दिलं, ‘कौटुंबिक भांडण.’ त्यापुढे एक शब्द नाही. मीही गप्प बसले आणि तू आत गेलास.

त्यानंतर थांबले असते तरी काही बोलायला जागा होती. नाही थांबले. तारा बांधलेल्या तोंडाच्या माणसाला ओरडताही येत नाही, दादा. नाकातून आवाज येतो नुसता. मागच्या महिन्यात भांडं फेकलं ते मीच. यांच्या खांद्याला भाजलं. भांडं हातात घेतल्याबरोबर हे दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसले होते. शिकवल्यासारखे. तू असा बसायचास बाबांपुढे, माळ्यावरच्या फटीतून मला दिसायचं. तेव्हा वाटायचं, मोठी झाले की मी अशी बसणार नाही. दुसरं काय व्हायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

बस, एवढंच. आता शिव्या दे.

ठमी

—

१९ एप्रिल

अक्षर वाईट आहे, डाव्या हातानं लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये आहे. तुझं पत्र वाचलं आणि भिंतीला मारला. तीन बोटं. इथल्या डॉक्टरला सांगितलं, दारात सापडला.

तुला ‘ठमे’ लिहिता येत नाही आज.

मी एका निरपराध माणसाचा जबडा मोडला. सतरा महिने त्याचा अभिमान बाळगला. इथं नवीन आलेल्यांना सांगायचो, आम्ही बहिणीसाठी आत आलोय, चोरीचपाटीसाठी नाही. लोक उठून जागा द्यायचे.

आजच्या आज त्या घरातून बाहेर पड. विचार करायला बसू नको, रडायला बसू नको, त्याची माफी मागायला तर मुळीच बसू नको. कपडे घे आणि दुकानावरच्या माझ्या खोलीत जा. किल्ली समोरच्या शिंप्याकडे आहे. सुताराला म्हणावं, आतून कडी लावून घे. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी लाव म्हणावं. तू दार वाजवलंस तरी उघडू नको म्हणावं.

एक विचारतो. मी तुला माळ्यावर चढवायचो ते तू वरून शिकावंस म्हणून?

दादा

—

३० एप्रिल

दाजींचा नमस्कार.

तुम्ही मला दाजी म्हणायचात, म्हणून तेच लिहितो. तुमच्याशी पहिल्यांदाच पत्रानं बोलतोय. समोरासमोर आपण फार कधी बोललोच नाही. तुम्ही भट्टीपाशी असायचात, मी चाखायला यायचो.

तिनं तुम्हाला सगळं लिहिलं त्याच दिवशी मला तुमची दोन पत्रं आणि तिच्या पत्राची नक्कल दाखवली, आणि तुमचं शेवटचं आल्यावर त्याच दुपारी घर सोडलं. जाताना काही फेकलं नाही. मी दाराला आडवी पट्टी ठोकली आहे. सुतार असल्याचा एवढा फायदा.

तुम्ही विचाराल, गप्प का बसलास. काय लिहिणार होतो कोर्टात? बायको मारते? माझ्याकडे चार कारागीर कामाला होते. ते हसले असते, कोर्टातले साहेबही हसले असते. जबडा मेव्हण्यानं मोडला हे सांगायला सोपं असतं, त्यात लाज नाही. तुमची शिक्षा मी माझी लाज झाकायला वापरली, हेही खरं आहे. त्याची क्षमा मागतो.

खांदा मी स्वतः केला. तुमच्या पत्रांतून उतरवून घेतलं होतं. सुताराला मांस रुसतं ते लगेच कळतं, ओलं लाकूडही असंच करतं, घाई केली की फाटतं. पावणेआठ तास लागले. हाड बोटांनी धरलं आणि सहज हातात आलं. ढलपे जुन्या सफरचंदाच्या फांदीचे होते, कोरे. दहा मिनिटं लिहिलं होतंत, मी आठच ठेवले.

पहिला घास जिभेनं टाळूला दाबला, तो सुटला. दुसरा डावीकडून हळू चावून बघितला. कळ कानापर्यंत गेली, पण चावला गेला. मग ताट संपेपर्यंत मी रडत होतो, मला लाज वाटली नाही. घरात कोणी नव्हतं.

कमिटीचा कागद भरून दिला. ‘याला सोडावं, माझी तक्रार नाही.’ तुमच्यावर उपकार म्हणून नाही. तुम्ही जे समजलात त्यात माझाही हात आहे.

पण एक भीती सांगतो. तिला तुमच्या खोलीत जायला तुम्हीच सांगितलंत. सुटलात की तुम्ही तिथंच जाणार. माझ्यासाठी म्हणून आता तिला काही करू नका. तिच्यासाठी म्हणून तुम्ही मला केलंत, ते पुरे झालं. मी तिला परत घरात घेणार नाही. पण तिचा जबडा मोडलेला मला नको आहे.

तुमचा,
दाजी

—

६ मे

ठमे,

उजव्या हाताची दोन बोटं मोकळी झाली, तेवढ्यांत पेन धरलंय.

मंगळवारी कमिटीपुढे उभं केलं. लांब टेबल, चार माणसं आणि पाण्याचा एक जग. दाजींचा कागद वाचून दाखवला. माझी अठरा महिन्यांची वागणूक वाचली, ताटाची भानगड त्यात नव्हती. अध्यक्ष बाई चांगल्या होत्या, चष्मा काढून बोलत होत्या. म्हणाल्या, तुम्हाला सोडायला आमची हरकत दिसत नाही. शेवटचं विचारायचं म्हणून विचारते, बाहेर गेल्यावर तुमच्यापासून कोणाला धोका आहे का?

सगळे याला नाही म्हणतात. इथं आम्ही एकमेकांना शिकवूनच पाठवतो, नाही म्हणायचं आणि खाली बघायचं.

मी म्हणालो, आहे.

कोणाला?

माझ्या बहिणीला.

बाईंनी कागद उलटसुलट केले. म्हणाल्या, बहिणीला? तिच्याचसाठी तर तुम्ही इथे आलात ना? मी म्हणालो, होय, तिच्याचसाठी. आणि मग सांगितलं. तुझं पत्र आल्यापासून रोज डोळे मिटले की मी आपल्या दुकानाचा जिना चढतो. खोलीचं दार उघडतो. तू पाठमोरी असतेस. पुढचं मी त्यांना सगळं सांगितलं, तुला लिहीत नाही. टेबलापलीकडचा एक जण लिहिता लिहिता थांबला. मी म्हणालो, दाजी नको म्हणतात, मला पटतं, तरी हात ऐकत नाही. बाबांचाही ऐकायचा नाही. मला आत ठेवा.

अजून एक वर्ष आहे. मला इथल्या स्वयंपाकघरात घेतलंय, कांदे सोलायला. सुरी देत नाहीत, तेही बरोबरच आहे. बुधवारच्या माणसाला या खेपेला मी आपणहून म्हणालो, बसा, बोलायचंय. त्याला खुर्ची ओढायचंही सुचेना.

तूही कोणाकडे तरी जाऊन हे तोंडानं सांग. मला लिहिलंस तसं कागदावर नको. दाजींकडे जाऊ नको.

तू भेटायचा अर्ज केला आहेस असं आज पहारेकऱ्यानं सांगितलं. मी नाही म्हणून सही केली. घाबरलीस तर बरंच आहे, मी पण घाबरलोय. तू अजून माझी बहीण आहेस, म्हणून सांगतो, येऊ नकोस.

दादा